आर्णीचा रफार

कापसाचं सगळं बिनसलेलं होतं त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात रोज कोणी ना कोणी याद्या मागायला येई. समित्या येत, संस्था येत, योजना येत, आणि प्रत्येकाला गावांच्या, गटांच्या, माणसांच्या याद्या हव्या असत. त्याही कॉम्प्युटरवर आणि मराठीत. मी यवतमाळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होतो. आमच्याकडचं सगळं मराठी जुन्या फॉण्टांत टाइप केलेलं. एका मशीनवर नीट दिसे, दुसऱ्यावर उघडलं की नुसती चिन्हांची खिचडी. म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. जुना मजकूर टाकायचा, बटण दाबायचं, की कुठेही वाचता येईल असं युनिकोड मराठी बाहेर. केला होता कॉलेजच्या प्रश्नपत्रिकांसाठी, पण बरा चालला, तेव्हा इंटरनेटवर ठेवून दिला. कोणीही फुकट घ्यावा, वाटलं तर आतला कोड उघडून बदलावा. हौसेनं खाली माझा मोबाइल नंबरही घातला.

महिनाभरात फोन सुरू झाले. बटण कुठं आहे, प्रिंट का येत नाही, आमच्या ऑफिसात येऊन लावून देता का. सुरुवातीला फार बरं वाटलं. मग एका मोठ्या शहरातल्या प्रकाशन संस्थेतून पत्र आलं. "तुमच्या प्रोग्रॅमबरोबर माहितीपुस्तिका नाही. आमचं काम अडलं आहे. सोमवारपर्यंत दुरुस्ती पाठवावी. हा बेजबाबदारपणा आहे." मी ते दोनदा वाचलं. या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, त्याच्याकडून काही घेतलं नव्हतं. मी रागानं उत्तर लिहिलं आणि पाठवायचं राहिलं, कारण मला एक गोष्ट आठवली. माझ्या प्रोग्रॅमचा निम्मा भाग मी दुसऱ्या कोणाच्या फुकट कोडवर उभा केला होता. तो कुठल्याशा देशातला माणूस. त्याला मी एक शंका विचारली होती, आणि चार दिवस उत्तर आलं नाही म्हणून स्टाफरूममध्ये त्याला नावं ठेवत बसलो होतो.

मग एका दुपारी आर्णीहून एक बाई एसटीनं आल्या. पन्नाशीच्या, हातात कागदांची पिशवी. तहसीलीसमोर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. अर्ज, याद्या, परीक्षेची तयारी, सगळं तिथं होई. सगळे त्यांना मॅडम म्हणत. फोनवर दोनदा बोलणं झालं होतं. लॅबमध्ये बसल्या, पाणी प्याल्या आणि एक छापील यादी माझ्यापुढं ठेवली.

"सर, हे पाहा. काहून असं होऊन राह्यलं?"

बचत गटांच्या बायकांची शिवणकामाच्या प्रशिक्षणासाठीची यादी होती. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, "तालुका: आणी".

मला लगेच कळलं. जुन्या फॉण्टात वेलांटी आणि रफार जोडून एकच चिन्ह असायचं. माझा प्रोग्रॅम त्यातली वेलांटी ठेवी आणि रफार गाळून टाकी. म्हणजे आर्णीची आणी झाली होती. प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत.

"ऑफिसातून वापस आली," त्या म्हणाल्या. "असा तालुकाच नाही म्हणतात जिल्ह्यात. म्या दुरुस्त करून नेली तवर तारीख गेलती. बायकांचा नंबर हुकला."

"मॅडम, हे मला माहीत होतं," मी म्हणालो. "मी लिहूनही ठेवलंय."

"कुठं?"

मी प्रोग्रॅमसोबतची फाइल उघडून दाखवली. इंग्रजीत होती. तळाशी दोन ओळींत या चुकीचा उल्लेख होता, आणि त्याखाली कुठूनतरी उचललेला मोठा परिच्छेद.

"मराठीच्या कामाचं इंग्रजीत लिवलं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. "आन् हे खालचं काय हाय?"

"म्हणजे, जसं आहे तसं देतोय. कोणतीही हमी नाही. नुकसान झालं तर जबाबदारी नाही."

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "मंग द्याचं काहून?"

मी समजावायला लागलो. फुकट म्हणजे काय, उघडा कोड म्हणजे काय, जगभर लोक असंच देतात, ज्याला जमेल त्यानं दुरुस्त करायचं. बोलता बोलता माझं मलाच पटेनासं झालं. बाईंनी रफार कसा दुरुस्त करायचा होता? आणि तरी वाटत होतं, मी कोणाला काही कबूल केलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी मनात बसत नव्हत्या.

पुढच्या रविवारी मी आर्णीला गेलो. त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून रफार दुरुस्त केला. आजूबाजूला टाइपरायटरांची खटखट चालू होती. दुपारी यादीतल्या दोघी-तिघी आल्या. त्यातली एक दारातूनच म्हणाली, "तुमीच का ते, गावाचं नाव काढणारे?"

मी हो म्हणालो. तिनं मान हलवली आणि सरळ विचारलं, "पुढच्या बारीले नंबर लागन का आमचा?"

ते मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. तिला ते उत्तर चाललं की नाही, हेही मला कळलं नाही. ती बाकावर बसून छापखान्यासारखी खटखट ऐकत राहिली.

त्या गेल्यावर मॅडमनी माझ्यापुढं कोरे कागद ठेवले. "आता लिवा. मी सांगते तसं." आणि त्या सांगत गेल्या. पहिली ओळ: काम झाल्यावर गावाचं आणि तालुक्याचं नाव डोळ्यानं वाचून पाहा. दुसरी: मूळ फाइल पुसू नका. मग कोणता फॉण्ट चालतो, कोणता नाही, घाई असेल तर काय करायचं. मी मध्येच शुद्ध शब्द घातला की त्या म्हणायच्या, "असं कोणी बोलते का?" चार पानं झाली. ती मी टाइप करून प्रोग्रॅमसोबत ठेवून दिली.

मला वाटलं, आता फोन कमी होतील. वाढले. आता लोकांना भरवसा आला होता, तर ते माझ्या प्रोग्रॅमशी काही संबंध नसलेलंही विचारू लागले, प्रिंटरची शाई, मुलीचा निकाल. प्रकाशन संस्थेतल्या गृहस्थांचं पुन्हा पत्र आलं. पुस्तिका मिळाली, परंतु तिची भाषा प्रमाण नाही, असं त्यात होतं. मी नंबर काढून टाकला. आठवड्यानं परत घातला. आजही विचारलं तर दोन्हींपैकी एकाचंही कारण मला नीट सांगता येणार नाही.

बायकांची यादी पुढच्या बारीला मंजूर झाली, असं मॅडमनी फोनवर सांगितलं. त्यातल्या काही जणी तोवर कामाला दुसरीकडे निघून गेल्या होत्या. दारात बोलणारी बाई त्यांत होती का, हे मी विचारलं नाही.

पुढं नवी मशीनं आली, जुने फॉण्ट मागे पडले. मी प्रोग्रॅम एका परराज्यातल्या मुलीच्या हवाली केला. तिला तिच्या भाषेसाठी तो वळवायचा होता. तिनं मोठ्या अदबीनं एक पत्र लिहिलं. कोडच्या मधल्या भागात अकरा ओळी आहेत, त्या काढल्या की सगळं मोडतं, ठेवल्या तर त्या काय करतात ते कळत नाही; कृपया खुलासा करावा.

मी त्या ओळी बराच वेळ वाचल्या. अक्षर माझंच म्हणावं तशी मांडणी माझी होती. पण त्या मी का लिहिल्या ते काही केल्या आठवेना. तिला तसंच कळवलं, आणि त्या जपून ठेव म्हणालो.