पाठमोरी तालीम

दातांच्या दवाखान्यातला शेवटचा पेशंट गाल धरून जिना उतरला की वेटिंग रूममधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लागतात, जुन्या मासिकांचं काचेचं टेबल कोपऱ्यात सरकतं आणि मधे चार खुर्च्या अर्धवर्तुळात मांडल्या जातात. दवाखाना ज्यांचा, ते डॉक्टर व्हायोला हे जरा मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन वाजवतात. चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं ते मोठं वाद्य, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंकडे आहे. उरलेली दोन व्हायोलिनं बहीण-भावाची. पहिलं भावाचं, दुसरं बहिणीचं. लोक या चौघांना 'चौकडी' म्हणतात. त्यात थोडी थट्टा असते, पण चौघांनाही ती चालते.

बहीण दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. तिला सगळे ताई म्हणतात; वयाने मोठा असलेला दुकानाचा मालकसुद्धा. औषधांच्या दुकानात माणसं आपले आजार हळू आवाजात सांगतात, काही तर नुसते ओठ हलवतात. ताईंना ओठ वाचायची सवय तिथेच लागली. पुढे ती फार उपयोगी पडली, कारण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांना सर्दी झाली, सर्दी गेली, आणि उजवा कान परत आला नाही.

कानाच्या डॉक्टरांनी नस गेल्याचं सांगितलं. यंत्र लावून पाहिलं, तर व्हायोलिन पत्र्यावर नखं ओढल्यासारखं वाजू लागलं. ताईंनी यंत्र डबीत घातलं आणि डबी कपाटात ठेवली. कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही, पण तो माणूस पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, जमिनीला काठी टेकवून नळाची गळती ऐकणारा. एके दिवशी जेवताना तो आपलं ताट उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.

"तिकडे काय झालं?" ताईंनी विचारलं.

"तिकडून तू ऐकत नाहीस. म्हणजे लग्न झाल्यापासून ऐकत नाहीसच, पण आता कारण सापडलं."

ताई हसल्या नाहीत. "बाळला सांगू नका," एवढंच म्हणाल्या.

बाळ म्हणजे भाऊ. डोक्यावरचे केस गेले, गुडघे कुरकुरू लागले, तरी घरात तो बाळच. त्याच्या हातात व्हायोलिन पहिल्यांदा ताईंनी दिलं होतं आणि गज कसा धरायचा हेही त्यांनीच शिकवलं होतं. चौकडी त्यांच्या वडिलांची. त्या काळी पहिल्या खुर्चीवर ताई बसायच्या. ताईंना मुलगी झाली तेव्हा वडील म्हणाले, मूल जरा मोठं होईपर्यंत बाळला बसू दे. मुलगी मोठी झाली, शिकली, परदेशी गेली. ते 'जरा' काही संपलं नाही. ताईंनी कधी विषय काढला नाही, आणि काही वर्षांनी काढावासाही वाटेना. दुसरं व्हायोलिन त्यांना लाभलं होतं. पहिल्याने श्वास घेतला की तो कुठे निघालाय हे दुसऱ्याला कळावं लागतं, आणि बाळचा श्वास त्यांच्याइतका कुणाला कळणार? त्यांचं असं म्हणावं ते हेच एक होतं.

म्हणूनच आता पंचाईत झाली होती. चौकडी बसते तेव्हा पहिलं व्हायोलिन दुसऱ्याच्या उजव्या हाताला असतं. जो कान गेला, त्याच बाजूला भाऊ.

कार्यक्रमांचे दोन हंगाम त्यांनी डोळ्यांत तेल घालून काढले. बाळचा गज, कोपर, खांदा यांवर नजर ठेवायची आणि बाकीचं आठवणीतून भरून काढायचं. कुणाला शंका आली नाही. चुका झाल्या त्या डॉक्टरांच्या नावावर गेल्या, कारण तशी परंपराच होती.

पण वडिलांनी एक प्रथा घालून दिली होती. दर हंगामाच्या तोंडावर एक तालीम पाठमोरी करायची. चौघांनी खुर्च्या बाहेर वळवायच्या, पण उजव्या हाताचा माणूस उजव्याच हाताला राहील अशा, एकमेकांकडे पाठ करायची आणि पहिल्या कार्यक्रमातलं सगळं तसंच वाजवायचं. "डोळे लबाड असतात," ते म्हणायचे, "कान नसतात." कान गेला त्या वर्षीची आधीच होऊन गेली होती. गेल्या वर्षी ताईंनी ताप आल्याचं सांगितलं आणि ती तालीम राहून गेली. या वर्षी हंगाम पाच कार्यक्रमांचा होता. नाट्यगृहातलं छोटं सभागृह ठरलं होतं, भित्तिपत्रकं छापायला जायची होती. बाळने निरोप दिला: गुरुवारी पाठमोरी, कुणीही ताप आणायचा नाही.

"सांगून टाक त्याला," नवरा म्हणाला.

"सांगितलं की खुर्ची गेली."

"आणि कळलं तर?"

"झाकली मूठ आहे तोवर आहे," ताई म्हणाल्या आणि व्हायोलिनची पेटी उचलली.

गुरुवारी ताईंच्या समोर दातांचं चित्र आलं: दाढेचा उभा छेद, मुळाशी लाल नस. पाठीमागे तिघं. पहिला भाग वेगाचा होता, त्यात सगळे एकमेकांना धरूनच पळतात. तो पार पडला. मग संथ भाग.

या संथ भागात मध्यावर एक जागा आहे. सगळे थांबतात, पहिलं व्हायोलिन एकटंच वरचा एक सूर लावून धरतं आणि धरूनच ठेवतं. श्रोत्यांतला खोकला थांबतो. मग दुसरं व्हायोलिन त्याच्या खालून येतं, त्यामागे व्हायोला आणि चेलो. वडील त्या जागेला उंबरा म्हणायचे. बाळ तो सूर इतका लांबवायचा की गेल्या हंगामात एका म्हाताऱ्या श्रोत्याने, मी मधे घरी जाऊन आलो, असं त्याला ऐकवलं होतं.

ताई उंबऱ्यापाशी थांबल्या. उजवीकडून, पाठ करून, त्यांना तो सूर ऐकू येत नव्हता. पण तो किती लांब असतो, मधे कुठे फुगतो, कुठे बारीक होतो, हे त्यांच्या अंगात होतं. त्यांनी तो मनात पुरा होऊ दिला आणि नेमक्या जागी आल्या. पाठोपाठ व्हायोला आला. चेलोवर मात्र भलतंच काही वाजत होतं. ताईंना वाटलं, बाई चुकल्या.

मग डाव्या कानातला चेलो बंद झाला. ताईंनी गज खाली घेतला आणि वळून पाहिलं. तिघंही वळले होते.

"मी पुढे गेलो होतो, ताई," बाळ म्हणाला. "पार पुढे."

"तिथे थांबायचं असतं."

"या वर्षी मी नाही थांबणार. तो सूर उगाच ताणलेला वाटतो. बाई माझ्याबरोबर आल्या. तुम्ही दोघं मागेच."

"मी ताईंच्या मागे गेलो," डॉक्टर म्हणाले. "त्या विहिरीत गेल्या असत्या तर विहिरीत."

बाळ बहिणीकडे बघत होता.

"तू माझं ऐकत नव्हतीस," तो सावकाश म्हणाला. "मी पूर्वी वाजवायचो ते तू आठवून वाजवत होतीस. मी गप्प बसलो असतो तरी तू तशीच आली असतीस."

ताईंनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. "उजवा कान गेलाय," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"झाले दोन हिवाळे."

"म्हणजे दोन हंगाम मी तुझ्या शेजारी बसून भिंतीला वाजवून दाखवत होतो."

तो उठला आणि पेशंट चूळ भरतात त्या बेसिनवर जाऊन हात धुऊ लागला. बराच वेळ धुतले. डॉक्टरांनी एक मासिक उचललं आणि उलटंच धरलं.

शेवटी भूगोलाच्या बाई बोलल्या. त्या चौकडीत सगळ्यांत नव्या, म्हणून एरवी कमी बोलायच्या. पण दिशा हा त्यांचा विषय. "ताई, डावा कान चांगला आहे ना? मग सगळे तुमच्या डाव्या हाताला यायला हवेत. तशी जागा एकच आहे." त्यांनी गजाने दाखवलं. अर्धवर्तुळाचं उजवं टोक. बाळची खुर्ची.

बाळने टॉवेल खिळ्याला अडकवला. "बघू," म्हणाला, व्हायोलिन पेटीत घातलं आणि गेला.

ताई घरी आल्या तेव्हा नवरा दारातच होता. चेहऱ्यावरून त्याला गळती कळली होती. ताई म्हणाल्या, "त्याची खुर्ची मी मागणार नाही. मी सोडते म्हणून सांगेन."

"तुझीच होती ती."

"होती. आता नाही. आणि मला पहिलं वाजवायचंही नाही."

"मग काय वाजवायचंय?"

"दुसरंच," ताई म्हणाल्या. "पण ऐकून."

पुढच्या तालमीला त्या आपल्या भागाचे सगळे कागद फडक्यात बांधून घेऊन गेल्या. बोलायचं वाक्यही ठरवलं होतं. दवाखान्याचं दार उघडलं तर खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि बाळ दुसऱ्या खुर्चीवर बसून गजाला राळ लावत होता. टोकाची खुर्ची रिकामी होती.

"उशीर," तो वर न बघता म्हणाला.

"बाळ, मी सांगायला आलेय की..."

"भाग तुझा तोच. दुसरा. माझा माझाच. नुसत्या खुर्च्या बदलल्यात. बस."

"लोक म्हणतील, भावाला खाली बसवलं."

"काही लोक म्हणतील बढती मिळाली, काही म्हणतील भांडण झालं," डॉक्टर म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. ही म्हण माझ्या दवाखान्यात नाही चालायची तर कुठे?"

ताई तरी उभ्याच होत्या.

"मेहरबानी नकोय मला," त्या म्हणाल्या.

"मेहरबानी कसली? मला दुसरं शोधायला वेळ नाही. हंगाम तोंडावर आलाय." मग खालच्या आवाजात, "गज तू शिकवलास. आता दुसऱ्या कुणाकडे बघून वाजवू?"

ताईंनी फडकं सोडलं, कागद स्टँडवर लावले आणि टोकाच्या खुर्चीवर बसल्या. कुशन बाळच्या बसण्याने एका बाजूला दबलेलं होतं.

संथ भाग सुरू झाला. सगळे डावीकडून ऐकू येत होते, एकत्र आणि तरीही वेगळे. ताईंनी डोळे मिटले. दोन हंगामांत हे त्यांना जमलं नव्हतं. उंबरा आला. बाळने वरचा सूर लावला.

सूर कापत होता.

सुरुवातीला नाही. गज मध्यावर आल्यावर. आधी बारीक, मग स्पष्ट, आणि तो फुटणार तेवढ्यात बाळने सूर सोडला आणि पुढे निघून गेला. ऐकणाऱ्याला वाटावं, मुद्दामच. ताई वेळेवर आल्या, व्हायोला आला, चेलो आला. भाग संपला.

"आता ठीक," बाळ म्हणाला.

दोन वर्षं ताईंनी त्याच्या गजाकडे टक लावून पाहिलं होतं. गज तर सरळ जाताना दिसायचा. त्या ज्याच्याबरोबर वाजवत होत्या त्याचा हात कधी थरथरला नव्हता. तो भाऊ त्यांच्या डोक्यात तसाच राहिला होता. हा शेजारी बसलेला भाऊ म्हातारा होऊ लागला होता, आणि सूर उगाच ताणलेला वाटतो म्हणून सांगत होता. झाकली मूठ त्याचीही होती.

त्यांनी स्टँडवरची पेन्सिल घेतली आणि आपल्या कागदावर उंबऱ्याच्या जागी एक खूण केली. शेजारच्या बाळला ती दिसली.

"काय लिहिलंस?"

"इथे मी लवकर येते. तुझा सूर चालू असतानाच, त्याच्या खालून. हळू."

"छापील प्रतीत तसं नाही."

"नाही. तू थांब आपला पहिल्यासारखा. मी धरते."

बाळने बहिणीकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो गुडघ्यावरून उचलला.

"उंबऱ्याच्या आधीपासून," तो बाकीच्या दोघांना म्हणाला.

त्याने सूर लावला. गज मध्यावर आला तशी ताईंनी खालून तार धरली, इतकी हळू की ती वेगळी ऐकू येऊ नये. कापरेपण त्या दुसऱ्या सुरात बुडालं. बाळ थांबला, वडिलांच्या वेळी थांबायचा तितका, कदाचित थोडा जास्तच. डॉक्टर ऐकत राहिले आणि आपली जागा आल्यावर यायचं विसरले.

"डॉक्टर," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"हो, हो," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा घेऊ या."

चौघांनी गज उचलले.