वाकवलेला पडदा

ओल्या प्लायवुडचा वास आला की सोलापूरच्या घरातली वरची खोली आठवते. डोळ्यांच्या तपासणीत नापास होऊन भावाचं वैमानिक होणं हुकलं, तेव्हापासून तो बोलेनासा झाला होता. आई त्याला एकटं सोडत नसे. कॉम्प्युटरवर विमान उडवायला तो प्रोजेक्टरचा अर्धगोल पडदा बनवत होता. भिजवलेला प्लाय आम्ही दोघं वाकवत असताना करकरला आणि मी दाब कमी केला. “मोडला तर दुसरा आणू की,” आई दारातून म्हणाली. “मोडला तर सगळंच सोडून देणार,” तो म्हणाला. प्लाय टिकला. पांढरं कापड ताणून प्रोजेक्टर लावला, तशी धावपट्टी आमच्याभोवती वळून आली. “आई, बस की. कुठं नेऊ?” त्यानं विचारलं. “संध्याकाळी घरी परत येशील तिथं,” ती म्हणाली. आम्ही हसलो, ती हसली नव्हती, हे मला आता आठवतं.