आवाजाची किंमत शिकवणारे सर

दिगंबर सरांना मी प्रथम पाहिले ते पदवीच्या पहिल्या वर्षी, अर्थशास्त्राच्या तासाला. त्यांनी विचारले, "काल गावातल्या वरातीत कोण कोण नाचलं?" बरेच हात वर झाले. "आणि झोप कोणाची गेली?" मी एकटीनेच हात वर केला. सर म्हणाले, "नाचणाऱ्यांनी डीजेवाल्याला पैसे दिले. हिच्या झोपेचे कोणी दिले?" एकाने केलेल्या उपभोगाचा तोटा तिसऱ्यानेच सोसायचा, ही पुस्तकातली संकल्पना मला त्या दिवशी कायमची समजली.

आमचे घर गावच्या चौकाला लागून आहे आणि प्रत्येक वरात तिथेच थांबते. घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयात गेलेले नव्हते. वडिलांनी, म्हणजे आबांनी, बजावले होते, "नापास झालीस तर पुढच्या शिक्षणाचं नाव काढायचं न्हाई." आणि परीक्षा नेमकी लग्नसराईत येई.

सर आमच्याच गावचे. ग्रामसभेत त्यांनी सुचवले, की ग्रामपंचायतीने डीजेवर आकार, म्हणजे शुल्क, लावावा. ठराव झाला, प्रत्येक लग्नाला एकच ठोक रक्कम ठरली. झाले उलटेच. आधी कोणी वडीलधारे बोलले, की पोरे लाजून आवाज कमी करत. आता म्हणू लागली, "पावती फाडलीय सर, आता कशाला बोलायलात?"

सरांनी पुढच्या ग्रामसभेत उभे राहून सांगितले, "चूक माझी आहे. किती वाजवलं त्याची किंमत लावायची सोडून आपण परवानगीच विकली." मग दर अर्ध्या तासावर आला आणि प्रत्येक पुढचा अर्धा तास आधीच्याहून महाग झाला. कायद्याने ठरलेली वेळ आणि आवाजाची मर्यादा अर्थातच कायम राहिली.

नव्या दराचे पहिले लग्न सरांच्याच पुतण्याचे निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझा शेवटच्या वर्षाचा पेपर होता. सरांचे थोरले बंधू चौकातच कडाडले, "दिगू, घरच्यावरच कर लावायलास का रं?"

"दादा, बंदी न्हाई. जेवढं वाजवताल तेवढं भरा."

"आन् तू चुलता म्हणून काय भरणार?"

"मी नाचतो की!"

लोक हसले. दादांनी पहिल्या अर्ध्या तासाचे भरले, पुढचा दर ऐकला आणि डीजेच्या गाडीला हात केला, "लय झालं, ने माघारी." उरलेली वरात हलगीवर निघाली. त्या संध्याकाळी सरांना नाचताना गावाने पहिल्यांदा पाहिले म्हणे. मी पाहिले नाही. मी खिडकी लावून अभ्यास करत होते, आणि खिडकी लावल्यावर खरोखर शांतता होती.

निकाल लागला तेव्हा आबांनी गुणपत्रिका हातात धरली आणि एवढेच विचारले, "पुढचं कॉलेज कुठं असतं?" सरांनी त्यांना शेजारी बसवून प्रवेशाची सगळी माहिती सांगितली आणि प्रवेशाच्या दिवशी आमच्याबरोबर एसटीने परभणीलाही आले. वाटेत मी मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखी ताठ बसले होते. सर मात्र आबांशी तुरीच्या पिकाविषयी बोलत राहिले, म्हणून आबांचे अवघडलेपण गेले.

आज मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. सुधारक कर, म्हणजे दुसऱ्याला होणारा तोटा करणाऱ्याकडूनच भरून घेणारा कर, शिकवताना मुले हमखास विचारतात, की यातून सरकारला मिळते किती. तेव्हा मी त्यांना मागच्या लग्नसराईनंतरचे बोलणे सांगते. सरपंच तक्रारीच्या सुरात म्हणाले होते, "सर, तुमच्या त्या आकारात यंदा काहीच जमा न्हाई. लोक डीजेच लावीनात."

सर म्हणाले, "मग पेढे आणा की सरपंच!"

सर आता साठीचे झाले. नोकरीतून ते निवृत्त होतील, ग्रामसभेतून मात्र आम्ही त्यांना होऊ देणार नाही. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्यांना उदंड आयुष्य लाभो. आमच्या चौकात अजून बऱ्याच मुली परीक्षेला बसायच्या आहेत.