पुतळीचं उसनं सरण

कुंभारवाड्याच्या कान्हूची बायको पुतळी आता जाणार, हे तिच्या स्वतःच्या गळी उतरायच्या आधीच गावाच्या गळी उतरलं होतं. तिच्या छातीत गाठ झाली होती. वैद्याचे लेप झाले, देवाला कौल लावून झाले, शेवटी कान्हूनं तिला बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरानं गाठ चाचपली आणि तिच्याशी एक अक्षर न बोलता कान्हूला सांगितलं, "उशीर झाला. पावसाळा काढील, न काढील."

त्यातला 'पावसाळा' एवढाच शब्द कान्हूच्या डोक्यात रुतला. त्याची आई ऐन आषाढात गेली होती आणि चितेवर ओल्या लाकडांनी तिचे फार हाल केले होते. बायकोचं तसं होऊ द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. वैशाखभर रान पालथं घालून त्यानं मत्तीच्या झाडांची वाळकी लाकडं आणली, फोडली आणि भिजू नयेत म्हणून पडवीत रचली. पुतळी पडवीतच निजायची.

"बघ," तो घाम पुसत म्हणाला, "आता काळजी न्हाई."

पुतळी "व्हय" म्हणाली. नवऱ्यानं एवढ्या मायेनं केलेलं, त्याला नावं कशी ठेवायची? पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली. लाकडात भुंगेरे कुरकुरायचे आणि तिला वाटायचं, हे आपल्या छातीतच चाललंय. पावसाळाभर ती सरणाकडे पाठ करून पडून राहिली. बघायला येणाऱ्या बायका आधी लाकडांचं कौतुक करत, मग तिची विचारपूस.

पाऊस सरला. पुतळी होतीच. आणि दसऱ्याच्या सुमारास कॅसलरॉककडून रेल्वेच्या कामावरची माणसं घरी परतली ती मानमोडीच्या साथीचा ताप घेऊनच. एकोणीसशे अठराचं साल ते. आजचा धडधाकट गडी उद्या निळा पडू लागला. ज्यांनी पुतळीचा निरोप घेऊन ठेवला होता, तेच तिच्याआधी निघाले.

एका सकाळी गावचा म्होरक्या लाडू बुधवंत अंगणात येऊन उभा राहिला. त्याचा धाकटा भाऊ गेला होता. रानातली लाकडं अजून ओली, आणि कुऱ्हाड उचलायला धड माणूस नाही.

"पुतळे, बरी हाईस न्हवं?"

"हाय की."

"न्हाई, म्हंजे... आज-उद्या काय न्हाई ना?"

पुतळीनं खरोखरच विचार केला. "आज तर न्हाई वाटत, भावजी."

"मग तुजं लाकूड जरा उसनं देशील? गडी उठले की भरून देतो. देवाशपथ."

लाडू रडतही होता आणि ओशाळलाही होता. पुतळीला हसू फुटलं. ते पदराआड दाबता दाबता तिलाही रडू आलं. "न्या," ती म्हणाली.

मग रीघच लागली. नागू आईसाठी आला. रुक्मानं निवडून जाड ओंडके मागितले. तिचा दादला आडदांड होता. एक बाई तर घरातल्याचा जीव जायच्या आधीच सांगून ठेवायला आली.

कान्हूही आडवा झाला. उभी अशी पुतळीच राहिली. ती त्याला पेज पाजायची आणि पेजेचं मडकं घेऊन घरोघर फिरायची. "तुला मानमोडी शिवायची न्हाई," रुक्मा धीर देत म्हणाली, "तुज्यावर आदीच खूण झालीया." मडकं उचलताना छातीतून कळ जायची. त्याची चौकशी मात्र कुणीच करत नव्हतं.

इकडे ढीग उतरत गेला. पडवीतून पलीकडचं भाताचं खाचर दिसू लागलं. आणि पुतळीला झोप लागू लागली, मेल्यासारखी गाढ. गावात रडारड आणि आपण घोरतोय, याची तिला इतकी लाज वाटायची की आपण चेटकीण तर झालो नाही ना, अशी शंका यायची.

कान्हू वाचला. भिंत धरून पडवीत आला, रिकामी जागा बघून तसाच कुऱ्हाड शोधू लागला.

"परत न्हाई!" पुतळी ओरडली. तिचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "रोज माज्या सरणाशेजारी निजले मी. भ्या वाटायचं मला. कुनाला सांगू? तुमी तर हौसेनं रचलंत!"

कान्हू म्हणाला, "मला वाटलं, तुला आधार वाटंल."

सुगीनंतर लाडू भारा घेऊन वाजतगाजत आला, तेव्हा कान्हूनंच त्याला वाटेत अडवलं आणि लाकडं त्याच्याच खळ्यात ठेवायला लावली. लाडूला ते पटलं नाही. उसनं राहिलं म्हणून तो बरेच दिवस तोंड चुकवायचा.

त्यानंतर कान्हू तिन्हीसांजेला पुतळीजवळ बसून विचारायचा, "आज भ्या वाटतंय?"

"आज वाटतंय."

मग तो उठायचा नाही, अंधार पडेपर्यंत तिथंच बसायचा. कधी ती म्हणायची, "न्हाई. आज दुकतंय निस्तं."

पुढल्या चैत्रात ती गेली. सकाळी, म्हशीची धार कशी काढायची ते कान्हूला शिकवता शिकवता. बोलणं अर्धवटच राहिलं, आणि म्हैस बरेच दिवस त्याला लाथा मारत राहिली.