घ गटातले उंदीर

डॉ. शालन धैर्यवान यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या तळहातावर एक पांढरा उंदीर बसला होता आणि मी किंकाळी फोडून दाराबाहेर पळाले होते. माझा स्वभाव मुळातच दचकण्याचा. बाई माझ्यामागून बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तू अशी ओरडलीस तर तो दिवसभर खाणार नाही. आत ये, त्याची माफी माग." बाईंचे डोके ठिकाणावर नसावे असे मला वाटले. पण नोकरी हवी होती, म्हणून मी आत गेले आणि खरोखर उंदराची माफी मागितली.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा वर्ष होत आले होते. माझे यजमान लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. संप मिटणार, या आशेवर ते रोज सकाळी दाढी करून तयार बसत. घरात सासूबाई होत्या आणि दोन वर्षांची गिरिजा. परळच्या एका संशोधन संस्थेत प्राणिगृहात बाई माणूस हवे आहे असे कळले आणि मी गेले. पिंजरे धुवायचे, पाणी बदलायचे, उंदरांना खाणे घालायचे, हे काम.

बाईंचे काम सांगायला सोपे आणि करायला महाकठीण. एखादे औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते उंदरांना द्यायचे, त्यांचा जन्म सरेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच वर्षे, आणि त्याने कर्करोग होतो का ते पाहायचे. त्यात घाई चालत नाही आणि मुरवत तर मुळीच चालत नाही. एकदा एका औषध कंपनीचे गृहस्थ आले होते. गाठ झालेला एक उंदीर हिशेबातून वगळावा, असे ते गोड बोलून सुचवत होते. "एका उंदराने काय होतं मॅडम?" बाईंनी त्यांना पिंजऱ्यापाशी नेले आणि म्हणाल्या, "त्यालाच विचारा." गृहस्थ चहा न घेता गेले.

बाईंची एक पद्धत मात्र सांगितलीच पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. खाद्याचे तीन डबे असत. त्यांवर फक्त अक्षरे, क, ख आणि ग. एकात साधे खाद्य, दुसऱ्या दोहोंत कमी-जास्त औषध. कोणत्या डब्यात काय, हे खाणे घालणाऱ्या आम्हाला ठाऊक नसे आणि खुद्द बाईंनाही नसे. ठाऊक असले की डोळे आपल्याला हवे तेच बघतात, असे त्या म्हणत. पीठ कालवणाऱ्या ग्रेसी मॅडम तो संकेत एका कागदावर लिहून पाकिटात बंद करत आणि प्रयोग संपला की ते पाकीट फोडायचे. आधी फोडले तर सगळा प्रयोग बाद.

ते खाद्य म्हणजे गव्हाचे पीठ, भाजलेल्या डाळ्याचे पीठ, दुधाची पावडर आणि वर शेंगदाण्याचे तेल. डबा उघडला की खमंग वास खोलीभर पसरे. आम्ही मोठी माणसे चहावर भागवत होतो. पोरीला चहावर ठेवता येत नव्हते.

मी चोरी केली. दहा दिवस रोज एक मूठ. कुठल्या डब्यातून घ्यावे याचा माझ्या परीने विचारही केला होता. ग गटाचे उंदीर सगळ्यांत गुबगुबीत, अंगावर तकाकी. त्यांच्या डब्यात औषध कसे असेल? त्या पिठाची लापशी करून मी गिरिजाला घातली. सासूबाईंनी पातेल्याचा वास घेतला. "ह्यां पीठ खयसून हाडलंस गो?"

"संस्थेत उरलेलं देतात," मी म्हणाले.

दर शनिवारी डब्यांचे वजन करायची रीत होती. दुसऱ्या शनिवारी बाई नोंदवही घेऊन माझ्यापाशी आल्या. "सुनंदा, ग गट एकाएकी इतकं खायला लागलाय. पण वजन वाढत नाहीये एकाचंही. अन्न जातंय कुठे?"

त्या माझ्यावर संशय घेत नव्हत्या. त्यांना खरेच कोडे पडले होते. म्हणूनच मला राहवले नाही. मी खालीच बसले आणि सगळे सांगून टाकले. बाईंचा चेहरा असा पांढरा पडलेला मी ना आधी पाहिला होता ना नंतर कधी पाहिला. रागावतील, हाकलतील, पोलिसांत देतील, असे मनात येत होते. त्यांनी एवढेच विचारले, "मुलीचं वजन किती आहे?"

मग त्या तडक कपाटाकडे गेल्या. ग्रेसी मॅडम ओरडल्याच. "शालन, दोन महिने राहिलेत फक्त! दोन वर्षांची मेहनत आहे!"

"तिच्या पोरीने दोन महिने थांबायचं का?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाकीट फाडले.

कागद वाचून त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. "साधं पीठ होतं. घरी जा. पोरीला जवळ घे." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले.

नोंदवहीत त्यांनी लिहिले, ‘संकेत मुदतीपूर्वी मी उघडला,’ आणि सही केली. कारण लिहिले नाही, माझे नाव लिहिले नाही. प्रयोग बाद झाला. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर त्यांना नाही नाही ते ऐकवले, तेव्हा मी खिडकीशी पिंजरे पुसत उभी होते. दुसऱ्या दिवसापासून बाई फणसवाडीतल्या आपल्या घरून गिरिजासाठी डब्यात खिमट आणू लागल्या. "जास्त झालं गं," एवढेच म्हणत. संप कधी मिटलाच नाही, गिरणीही उघडली नाही, पण तो डबा पोरगी शाळेत जाईपर्यंत चालू होता. मला त्यांनी रात्रशाळेत घातले, मॅट्रिक करवले, पुढे प्रयोगशाळेत तंत्रज्ञ केले. हे सगळे मी बाईंच्या चांगुलपणाच्या खाती धरत आले.

प्रयोग नव्या पिल्लांवर पुन्हा सुरू झाला. या वेळी तीनऐवजी चार गट होते. घ गटाची पिल्ले इवलीशी होती. त्यांना ग्रेसी मॅडमनी कालवलेले खाद्य दहा दिवस घातले, मग जन्मभर साधे. असला गट कुणी कुठे पाहिला नव्हता. सहकारी विचारत, याने सिद्ध काय होणार? बाई म्हणत, "मला बघायचंय." रोज आल्या की पर्सही न ठेवता त्या आधी घ गटाकडे जात. त्या पिल्लांना मीच वाढवले. त्यातला शेवटचा उंदीर म्हातारा होऊन मेला. बाईंनी त्याचे एकेक इंद्रिय तपासले, बाकीच्यांसारखी त्यालाही कुठे गाठ नव्हती, आणि मला पेढे आणायला पाठवले. उंदीर मेल्याचे पेढे! आम्ही पोट धरधरून हसलो. मी दोन पेढे घरी नेले.

प्रयोगाचा निकाल वाईट आला. ज्यांना जन्मभर जास्त औषध दिले, त्या उंदरांच्या यकृतात गाठी होत्या. ते औषध बाजारात आले नाही. बाईंच्या आधीच दुसऱ्या कुणाचा लेख छापून आला होता, त्यामुळे नावही त्यांचे झाले नाही.

गिरिजाच्या प्रत्येक वाढदिवसाला बाई आमच्या चाळीत येत. भूक कशी आहे, झोप लागते का, वजन किती झाले, हे विचारत. सासूबाई कौतुकाने म्हणत, "बाईंका आमचां चेडू लय आवडता."

बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांचे कागद लावायचे काम समितीने मला दिले. मागच्या महिन्यात फणसवाडीत त्यांच्या घरी मी फायली काढत होते. एका टाचणीने जोडलेली दोन पाकिटे होती. पहिले फाटलेले. आत ग्रेसी मॅडमच्या अक्षरात लिहिले होते, ‘ग: औषध, कमी मात्रा.’

मी ते तीनदा वाचले. साधे पीठ नव्हते. माझ्या हाताने मी माझ्या लेकीला ते भरवले होते.

मग दुसरे पाकीट उघडले. ‘घ: कमी मात्रा, फक्त दहा दिवस. दोन वर्षांच्या मुलीच्या वजनाच्या प्रमाणात.’ मला तिथेच रडू फुटले. ज्या पिल्लांचे पिंजरे मी इतकी वर्षे धुतले, ती माझी गिरिजा होती आणि मला पत्ता नव्हता.

बाई आतून आल्या. माझ्या हातातले कागद त्यांनी पाहिले. "सापडलं होय."

"तुम्ही साधं पीठ म्हणालात." माझा आवाज चढला होता. बाईंवर मी आयुष्यात प्रथमच आवाज चढवत होते.

"म्हणाले. खाल्लेलं खाल्लं होतं. त्यावर उपाय नव्हता, फक्त लक्ष ठेवायचं होतं. तुला सांगितलं असतं, तर तू त्या पोरीला एक दिवस सुखाने वाढवली नसतीस."

"आणि घ गटातल्या एकाला जरी गाठ आली असती तर?"

"तर त्याच दिवशी तुझ्या घरी आले असते."

"मला सांगायला हवं होतं, बाई. आई आहे मी तिची."

त्यांनी दोन्ही कागद माझ्या हातून घेऊन टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "हो. हवं होतं. खोटी नोंद म्हणशील तर माझी तेवढी एकच. हे लेखात लिही. नुसतं चांगलं लिहिलंस तर तो अहवाल कसला?"

म्हणून लिहिले. राग आला होता, अजून थोडा आहे, तोही लिहिते. आणि ज्यांनी माझ्यासाठी दोन वर्षांचे काम फाडले, माझी भीती एकटीने वाहिली, त्यांच्याइतके मोठे माणूस मी पाहिलेले नाही, हेही त्याच शाईने लिहिते.

गिरिजाला मी सर्व सांगितले. आज ती दोन मुलांची आई आहे, धडधाकट आहे. बाईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवशी ती माझ्याबरोबर फणसवाडीत आली, ती वजनकाटा घेऊन. बाईंना हाताला धरून तिने काट्यावर उभे केले, वजन वहीत टिपले आणि विचारले, "भूक कशी आहे, आजी? झोप लागते का?" बाई आधी हसल्या, मग त्यांना चष्मा काढावा लागला. पिशवीतून गिरिजाने पेढे काढले.

घ गटातला शेवटचा उंदीर आमच्या प्राणिगृहात सगळ्यांपेक्षा जास्त जगला, आणि शेवटपर्यंत निरोगी. उंदराची उपमा दिली म्हणून कुणी रागावू नये. बाई तर नाहीच रागावणार. त्यांना त्याच्यासारखे आयुष्य लाभो, एवढेच आम्हा मायलेकींचे मागणे आहे.