दोन किलो
परवा सानपाड्यातल्या एका दुकानात नव्या रेनकोटचा प्लास्टिकचा वास आला आणि ती डोळ्यांसमोर उभी राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही मी मुलींना कबड्डी शिकवायचो आणि तेरा वर्षांची ती आमची सगळ्यात चपळ चढाईपटू होती. त्या उन्हाळ्यात ती चांगली चार बोटं उंच झाली, अन् वजन तिच्या गटाच्या मर्यादेपेक्षा दोन किलो जास्त भरलं. वजन उतरलं नाही तर स्पर्धा हुकणार होती, म्हणून मी तिला भर मे महिन्यात रेनकोट घालून पळवलं, रात्रीचं जेवण बंद करायला लावलं. "सर, नडगी लय दुखते," ती म्हणायची. "नाटकं नकोत, हिरोईन," मी म्हणायचो आणि बाकीच्या पोरी फिदीफिदी हसायच्या. एकदा तिची आई मैदानावर आली. "सर, पोरीचा वाढाचा वय हाय, तिला जेवू द्या," एवढंच म्हणाली. मी नुसता हसलो. वजन मर्यादेत बसलं, पण दुसऱ्याच चढाईत ती नडगी धरून खाली बसली. हाडाला चीर गेली होती. आई दवाखान्यात पोचायच्या आत डॉक्टरांनी पोरीला विचारलं, "नीट जेवतेस ना?" तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, पोटभर." मीही मान डोलावली. ती पुन्हा कधी खेळली नाही. आता मी दर महिन्याला मुलींची उंची मोजतो, झपाट्यानं वाढणाऱ्या मुलीचा सराव निम्म्यावर आणतो. सर किती काळजी घेतात, असं पालक म्हणतात. ही काळजी मी कुणाचा पाय घालवून शिकलो, ते मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.