बांध फुटल्याचा आवाज

आमच्या नाटकात तलावाचा बांध फुटायचा. तो फुटताना कसा वाजतो हे मंडळातल्या कोणालाच माहीत नव्हतं. ते ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण यंत्र माझ्याकडे होतं.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी सौसरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि दर रविवारी सकाळच्या बसने तालमीला पांढुर्ण्याला जायचो. आमच्या भाऊजींनी मस्कतहून भाच्यासाठी एक छोटा कीबोर्ड आणला होता. त्याला माइक होता. बटण दाबून माइकसमोर काही वाजवलं की दीडेक सेकंदाचा आवाज तो आकड्यांच्या रूपात लक्षात ठेवायचा आणि मग प्रत्येक पट्टीवर तोच आवाज काढून दाखवायचा. डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. एका वेळी एकच आवाज. बंद केला की तोही विसरायचा. भाच्याने आठ दिवस त्यातून कुत्रं भुंकवलं आणि कंटाळून तो सोडून दिला, तसा तो माझ्याकडे आला.

शिकवणारं कोणी नव्हतं. सोबतच्या पुस्तिकेत सुरक्षिततेच्या सूचना भरपूर होत्या आणि माहिती दीड पान. म्हणून मी घरातल्या वस्तू आपटत शिकलो. परातीच्या काठावर वाजवलं तर देवळातली घंटा होते, मध्यभागी वाजवून डावीकडची पट्टी दाबली तर ढग. मूठभर सरकी परातीत ओतली की उजवीकडे तिची रिमझिम होते आणि डावीकडे दरड कोसळते. खऱ्या वस्तूचा खरा आवाज नाटकात बहुधा खोटा वाटतो, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. बांधासाठी अखेर सरकीचं भरलेलं पोतं जमिनीवर आपटलं आणि सगळ्यात खालची पट्टी दाबली. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पाडलं?" तेव्हा आवाज जमला हे कळलं.

नाटक लिहिणारे आणि बसवणारे हायस्कुलातले एक शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांना 'डिजिटल' हा शब्द इतका आवडला की कापडी फलकावर 'डिजिटल ध्वनी' ही अक्षरं लेखकाच्या नावापेक्षा मोठी आली. लेखक तेच असल्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं.

तालमी जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये व्हायच्या. कापसाचा हंगाम संपला होता. बांधावरच्या म्हाताऱ्या राखणदाराचं काम त्याच जिनिंगमधले एक फिटर करायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं कामं करून ते तयार झाले होते. गावात त्यांच्या तोडीचा नट नाही हे सरही मान्य करत, फक्त काका समोर नसताना.

पहिल्या अंकाच्या शेवटी राखणदार विंगेकडे पाठ करून बिडी वळत बसलेला असतो. मागे बांध फुटतो. तो उठतो आणि म्हणतो, "गेला. माझा बांध गेला." कीबोर्ड येण्याआधी लाऊडस्पीकरवाला विंगेतल्या फळ्यांवर एक मोठा दगडी गोटा गडगडत सोडायचा, आणि काका असे उठायचे की माझ्या अंगावर काटा यायचा. कीबोर्ड आला, भोंगा बांबूवर चढला, आणि काका उठेनासे झाले.

"काका, बांध फुटला!" सर ओरडले. "गाव वाहून गेलं अन् तुम्ही बिडी वळून राहिले!"

"थे डिजिटल पाणी हाय सर," लाऊडस्पीकरवाला म्हणाला. "त्याच्यानं कोणी ओलं होत नाई."

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा उशिराने. पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. शेवटी सरांनी हातातल्या संहितेत बघतच सांगितलं, "आणखी एक रविवार पाहतो. नाही जमलं तर राखणदार आमचे साळे करतील." त्यांचे साळे, म्हणजे बायकोचे भाऊ, बँकेत होते. पाठांतर चोख होतं आणि चेहरा पासबुकासारखा.

मला वाटलं, काका माझ्या यंत्रावर रुसलेत. त्या दुपारी बाकीचे चहाला गेले, काका एकटेच फळ्यांवर बसून राहिले. मी त्यांच्या पाठीमागे कीबोर्ड धरून रागाने बांध फोडला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांची मानसुद्धा हलली नाही.

मग मी पुढे जाऊन समोर बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, कीबोर्डकडे पाहिलं आणि आपला तळवा त्यावर टेकवला.

"आता वाजवा."

मी डावीकडची पट्टी दाबली.

"हा जाड हाय," ते म्हणाले. मी उजवीकडची दाबली. "हा बारीक. हातात मुंग्या आल्यावाणी लागते."

मी पट्टीवरचं बोट उचललं. ते सांगू लागले. "जिनिंगात तीस वर्सं झाले, बाबू. मशिनी चालू असल्या की तिथं सगळेच बहिरे, त माझं कोणाले समजत नाई. तोंड दिसलं की मले शब्द समजते. पाठीमागचं नाई समजत. गोटा सुटला की फळ्या पायाले सांगत. तुमचा भोंगा काहीच सांगत नाई."

"सरांना सांगू का?"

"नका सांगू. फिटरचं काम मी हातानं करतो, मशीनवर हात ठेवला की तिचं दुखणं समजते. पण बहिरा नट कोण ठेवते? थे काढून घेतलं त मी नुसता फिटर उरतो."

सौसरला परतताना बसच्या पत्र्यावर तळवा ठेवून बसलो. प्रत्येक गिअर वेगळा लागत होता. कानांनी शिकलेलं निम्मंच असतं, हे कोणी मला सांगितलं नव्हतं. पुस्तिकेत तर नव्हतंच.

पुढच्या रविवारी मी लाऊडस्पीकरवाल्याला म्हटलं, भोंगा राहू द्या, तुमच्याकडची स्पीकरची मोठी लाकडी पेटी आणा आणि फळ्यांच्या खाली, तोंड वर करून ठेवा.

"बाबूजी, खाली ठेवली त पब्लिकले काय आयकू येईन? उंदरं पळतीन फक्त."

सरांचा आक्षेप वेगळा होता. पेटी खाली गेली तर ती कोणाला दिसणार नव्हती, आणि त्यांना ती फलकाशेजारी हवी होती. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "सर, डिजिटल आवाजाला जमिनीचा आधार लागतो." या वाक्याला काहीही अर्थ नव्हता. सर लगेच वळले आणि लाऊडस्पीकरवाल्यावर खेकसले, "ऐकलं ना? जमिनीचा आधार!" कचेरीतल्या नोकरीने मला शिकवलेली ही एकच गोष्ट नाटकात कामी आली.

त्या दिवशी पट्टी दाबली, फळ्या थरथरल्या, आणि काका उठले. साळ्यांनी संहिता पिशवीत ठेवली.

प्रयोग रविवारी ऊन उतरल्यावर, शाळेच्या पटांगणात होता. आधी अर्थातच उद्घाटन. प्रमुख पाहुणे एकविसाव्या शतकावर बोलायला आले होते आणि ते शतक येईपर्यंत बोलत राहतील अशी लक्षणं होती. सरांना ऐन वेळी सुचलं की पाहुण्यांच्या हस्ते यंत्राचंही उद्घाटन व्हावं. मी विंगेतून हात हलवून नाही नाही म्हणत होतो. सरांनी बटण दाबलं, माइक पाहुण्यांसमोर धरला. त्यांनी बोलण्याआधी घसा खाकरला, आणि तेवढ्यात यंत्राची दीड सेकंदं संपली. मग सरांनी पट्ट्या दाबल्या. पाहुण्यांचं खाकरणं पटांगणभर वेगवेगळ्या सुरांत फिरलं. टाळ्या पडल्या. पाहुणे प्रसन्न झाले. माझं सरकीचं पोतं यंत्राच्या डोक्यातून कायमचं पुसलं गेलं होतं.

यंत्र माझ्या हातात परत आलं आणि पाठोपाठ पडदा उघडला. भरल्या प्रयोगात विंगेत पोतं आपटता येत नव्हतं. दगडी गोटा शेडमध्येच राहिला होता. पहिला अंक संपत आला तेव्हा काका बिडी वळत बसले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. चप्पल त्यांनी काढून ठेवली होती. अनवाणी टाचा फळ्यांवर टेकलेल्या दिसत होत्या. बँकेतले साळे पहिल्याच रांगेत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

मी लाऊडस्पीकरवाल्याला खुणेने आवाज पुरता वाढवायला सांगितला आणि सगळ्यात खालची पट्टी दाबून धरली.

पाहुण्यांचा घसा इतका खाली गेल्यावर माणसाचा राहिला नव्हता. काहीतरी प्रचंड जागचं सुटून सरकावं तसा तो फळ्यांखालून आला. पहिल्या रांगेतल्या एका बाईने लेकराला छातीशी ओढलं. काकांच्या हातातली बिडी पडली. ते एकदम उठले नाहीत. आधी पायांकडे पाहिलं, मग सावकाश उभे राहिले.

"गेला," ते म्हणाले. "माझा बांध गेला."

पटांगणात कोणी खोकललंसुद्धा नाही. स्वतः पाहुणेही स्तब्ध होते. त्यांच्या घशाचा इतका परिणाम पूर्वी कधी झाला नसावा.

प्रयोगानंतर सर विंगेत आले आणि काकांच्या मागून बोलू लागले. आज उठायला जो वेळ घेतला तो अप्रतिम, तो मी लिहायला हवा होता, वगैरे. काका तोंडावरचा रंग पुसत होते. सरांनी वाक्य पुन्हा म्हटलं आणि मग थांबून माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. सांगायचं की नाही हे माझ्या हातात नव्हतं.

काकांनी माझा चेहरा पाहिला आणि ते वळले.

"सर, मले आयकू येत नाई," ते म्हणाले. "लय दिसांपासून. आता काढायचं असंन त काढा."

 सरांनी संहिता बाजूला ठेवली, काकांच्या अगदी समोर स्टूल ओढून बसले आणि पूर्ण ताकदीने ओरडले, "पुढच्या वर्षीचं नाटक मी तुमच्यासाठीच लिहून राहिलो!"

पडदे सोडणारी माणसं दचकून थांबली. काकांनी सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोला, सर. ओरडलं की तोंड वाकडं होते. मंग काहीच समजत नाई."

सरांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं, या वेळी हळू.